थोटीचा वाटा

"ए पाटलिणे, सर मागं! तुझं न्हाय त्ये. सर म्हंते न्हवं!"

धोंडुबाईंनी पदर कमरेला खोचला आणि चरबीचा गोळा लिंबाच्या शेंड्याकडं उंच भिरकावला. वर फिरणारं पंधरा-वीस घारींचं चक्र एकदम तिकडं कललं. रुंद छातीच्या, फिकट डोक्याच्या एका घारीनं गोळा हवेतच पंजात धरला. लगेच दोघी तिच्या पाठी लागल्या. एकीनं वरून झडप घातली, दुसरी खालून उलटी होऊन पंजे दाखवू लागली. गोळा सुटला आणि तो जमिनीला लागायच्या आत तिसरीनंच नेला.

ही झटापट चालली होती तेवढ्यात धोंडुबाईंनी पाटीतला फोपशाचा मऊ तुकडा गच्चीच्या कठड्यावर ठेवला. शेजारच्या पत्र्यावर अंग चोरून बसलेली एक घार तिरकी उडत आली आणि कशीबशी कठड्यावर टेकली. पतंगाच्या मांज्यानं तिच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. हवेत घास धरणं तिला जमत नव्हतं. धोंडुबाई तिला थोटी म्हणत, आणि त्या दांडगट घारीला पाटलीण.

"मावशी, कुस्ती सुटली का न्हाय अजून?" खालून बाळासोनं हाक मारली. "फरशी वाळून कडक झाल्या की हिकडं!"

"आले, आले! थोटीचं एवढं हुंदे."

"सासुरवाशीण हाय व्हय ती, जेवू घालून उठायला?"

"हाय तर! त्या पाटलिणीच्या घरात पडल्या गरीब."

बाळासोच्या मटणाच्या दुकानात धोंडुबाईंना बावीस वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर त्या कामाला लागल्या ते फरशी धुणं, ओंडका खरवडणं, सुऱ्या उकळत्या पाण्यातून काढणं यांसाठी. छाटण गच्चीवर नेऊन घारींना टाकायचं काम कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनीच मागून घेतलं होतं. रोज साडेअकराला. घारींना घड्याळ कळतं यावर पेठेत कुणाचं दुमत नव्हतं.

आणि याच धोंडुबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. बारा वर्षांपूर्वी एका कीर्तनात बुवांनी नामाचा गजर धरला, आणि बायकांत मागं बसलेल्या धोंडुबाईंच्या डोळ्यांना जी धार लागली ती घरी येईपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ घातली. तेव्हापासून जिभेला रश्शाचा थेंब नाही. हात मात्र रोज मटणात. "तोंड माजं हाय, हात बाळासोचं हाईत," असं म्हणून त्या हसत, आणि संध्याकाळी चुन्यानं हात चोळून, अंघोळ करून देवळात टाळ घेऊन उभ्या राहत. कीर्तन कुठल्याही पेठेत असो, धोंडुबाई चुकवत नसत.

यंदा फाल्गुनात पेठेच्या विठ्ठल मंदिरातल्या सप्ताहात पहिल्यांदाच दुपारचे वीणेचे दोन पहारे, दोन ते चार आणि चार ते सहा, बायकांना मिळाले. सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. महिला भजनी मंडळाच्या आक्कांनी सभामंडपात यादी वाचली. दोन ते चारच्या वीणेपुढं नाव आलं धोंडुबाईंचं.

धोंडुबाईंनी आधी मागं वळून बघितलं. त्या नावाची दुसरी कोणी बाई आली आहे की काय!

"तुजंच गं," आक्का म्हणाल्या. "बारा वर्सं टाळ कुटालीस, एकदा वीणा धर की."

लीलाताई सबनीस उठल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, गरजही नव्हती. "राग मानू नका धोंडुबाई. पण सकाळी ज्या हातांनी मटण हाताळायचं, त्याच हातांनी दुपारी वीणा धरायची, हे मनाला पटत नाही. मला तरी."

आक्कांचा चेहरा लाल झाला. "आवं बाई, हात धुत्यात की मानसं!"

"न्हाय, आक्का," धोंडुबाई सावकाश म्हणाल्या. "त्यांचं बराबर हाय." त्या गाभाऱ्याकडं वळल्या आणि उंबऱ्याला हात लावला. "सात दिस मांसाला शिवणार न्हाय. शिवले तर वीणेला शिवणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळासोकडं सात दिवसांची रजा मागितली. बाळासो ओंडक्यावर सुरी टेकवून बघतच राहिला.

"तुमी वीणा धरणार, मावशी?"

"व्हय."

"आन् मी हितं सुरी धरू? छ्या! मावशी माज्या दुकानातली हाय म्हटल्यावर माजी पन काय इज्जत हाय का न्हाय!" त्यानं तिथंच गिऱ्हाइकांसमोर जाहीर करून टाकलं. "सात दिस दुकान बंद. विठोबाची आन. सुरीला हात लावनार न्हाय." त्याचं ऐकून गल्लीतल्या उरलेल्या दोन दुकानांनीही शटर ओढायचं ठरवलं. पेठेला त्याचं फार कौतुक वाटलं. ध्वनिक्षेपकावरून तिघांचे आभार मानले गेले.

घारींचा विचार एवढ्या माणसांत कुणाच्याही डोक्यात आला नाही. धोंडुबाईंच्याही.

पहिले दोन दिवस धोंडुबाई जमिनीवर नव्हत्याच. वीणा गळ्यात आली की छातीशी एक बारीक थरथर लागे. तार छेडायची, नाम घ्यायचं, पुन्हा तार. दुपारी देवळात कुणी नसे. खांबाला टेकून पेंगणारी एखादी म्हातारी, आणि पुढचा पहारा असणाऱ्या लीलाताई पोथी घेऊन लवकर येऊन बसलेल्या. त्या पोथीतून डोकं वर काढत नसत, पण धोंडुबाईंचा ठेका चुकला तर त्यांचं बोट पानावर थांबे. ठेका चुकत नव्हता. बावीस वर्षं पाण्यात, रक्तात आणि सोड्यात काढलेली ती बोटं तारेवर अशी पडत, जशी तुळशीची पानं खुडावीत.

तिसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीतून त्यांना वर आभाळ दिसलं. घारी फिरत होत्या, पण खाली खाली, पत्र्यांना लागून. एरवी कधी काढत नाहीत असा पातळ, लांब आवाज काढत होत्या. एकीला कुठूनसं मेलेलं घुशीचं पिल्लू मिळालं होतं. साऱ्या तिच्यावर तुटून पडल्या. पिसं उडाली. शेवटी ते पिल्लू पाटलिणीनं हिसकलं आणि ती मोबाइलच्या टॉवरकडं गेली.

"मेली हावरी," धोंडुबाई नामाच्या मधेच पुटपुटल्या.

पण त्या जागेवरून हलायचं नव्हतं, म्हणून नजर टॉवरवर राहिली. टॉवरच्या मधल्या आडव्या पट्टीवर काटक्यांचं घरटं होतं. त्यातून दोन पांढुरकी डोकी थरथरत वर आली. पाटलिणीनं घुशीचं मांस तोडून एकाच्या चोचीत दिलं, मग दुसऱ्याच्या. स्वतः काही खाल्लं नाही.

बावीस वर्षं धोंडुबाई गच्चीवरून घास फेकत आल्या होत्या. फेकलेला घास कुठं जातो ते बघायला कधी वेळच झाला नव्हता.

चौथ्या दिवशी तीनच्या सुमाराला पत्र्यावर धाडकन आवाज झाला. पाठोपाठ देवळाच्या आवारात काहीतरी पडलं. थोटी. तिला कुठं उंदीर-बिंदीर मिळाला असावा, किंवा मिळालाही नसेल. पण तीन घारी तिच्यावर तुटून पडल्या होत्या. तुळशी वृंदावनाच्या पायाशी ती एक पंख पसरून पडली होती. वर भिंतीवर कावळे जमू लागले. एका कावळ्यानं खाली येऊन तिची शेपटी ओढून बघितली. थोटीनं चोच उघडली, पण आवाज निघाला नाही.

धोंडुबाईंचं नाम थांबलं. लीलाताईंचं बोट पानावर थांबलं.

"लीलाताई, वीणा घ्या."

"अहो, चारला अजून तास आहे."

"घ्या म्हंते न्हवं!"

लीलाताईंवर अशा आवाजात आजवर कुणी ओरडलं नव्हतं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत पुढं आल्या, मान वाकवली. वीणा त्यांच्या गळ्यात घालून धोंडुबाई अनवाणी आवारात धावल्या. कावळे हाकलून त्यांनी पदर थोटीवर टाकला आणि तिला उचलून पोटाशी धरलं. छातीचं हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागलं. पंख मोडलेला नव्हता. पोटात काही नव्हतं.

"बाळासो! शटर उघड!"

दुकानामागच्या घरातून बाळासो बनियनवर बाहेर आला. पदरातली घार बघून तो सगळं समजला आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "आयला, मावशी... मी पुण्य कराय गेलो की वो."

"फ्रीजरात काय हाय का?"

"बंद करायच्या दिशी छाटण बांधून ठेवलंय. टाकायचं ऱ्हाऊनच गेलं. पन मावशी, मी विठोबाची आन घातल्या."

"तू सुरीची घातल्यास. मटणाची मी घातल्या. तू नुस्तं शटर वर कर, फुडचं मी बगते."

"आन् वीणा?"

धोंडुबाईंनी हनुवटीनं शटर दाखवलं. बाळासोनं शटर कमरेइतकं वर केलं. वाकून त्या आत गेल्या. गोठलेली पिशवी पाण्यात सोडली, काळजाचा एक तुकडा हातानंच तोडून तळव्यात धरून ऊब दिली आणि थोटीच्या चोचीपुढं धरला. पहिला तुकडा खाली पडला. दुसरा तिनं गिळला. तिसऱ्याला तिनं धोंडुबाईंचं बोट फोडलं.

"चावल्या का?" बाळासोनं विचारलं.

"चावू दे. जीव हाय म्हनून चावल्या."

मग पाटी भरून त्या गच्चीवर गेल्या. क्षणात आभाळ भरलं. थोटीला कठड्याच्या आडोशाला ठेवून त्यांनी लिंबाकडं गोळे भिरकावले, एकामागून एक. पाटलीण आली. धोंडुबाईंनी नेहमीची शिवी ओठांवर आणली आणि गिळली. सगळ्यांत मोठा गोळा त्यांनी हातात तोलला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि टॉवरच्या बाजूला, जिथं दुसरी कोणी पोचणार नाही असा फेकला. "घे बये. दोगं हाईत न्हवं पदरात."

खाली आल्यावर बाळासोनं साबणाची वडी पुढं केली. "चुन्यानं धुवा, लिंबू लावा. कुनी बगितलं न्हाय. पावनेचार झाल्यात, जावा पळत."

"त्यानं बगितलंय की," धोंडुबाई म्हणाल्या. "आन् मी बी."

त्या देवळापर्यंत गेल्या, पण पायरी चढल्या नाहीत. आक्का येऊन थांबल्या होत्या. "आक्का, माजं नाव काडा यादीतनं."

"याड लागलं का तुला? एका पाखराला घास दिलास तर..."

"सबूद दिलता मी उंबऱ्याला. आज शिवले, उद्या बी शिवनार. त्यास्नी तीन दिस अजून काडायचं हाईत."

आतून तारेचा आवाज येत होता. लीलाताईंच्या गळ्यात वीणा होती. गुडघे दुखत असावेत. त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होत्या. "धोंडुबाई," नामाच्या मधून त्या म्हणाल्या, "हात धुवून या. मी म्हणते, या."

"न्हाय वो, बाई. तुमी त्या दिशी बोलला ते खरं हुतं. मी बी खरंच बोलले हुते."

लीलाताईंची तार तेवढी जोरात वाजली. उरलेले तीन दिवस दोन ते सहा, दोन्ही पहारे त्यांनीच केले. कुणी बदली यायला लागलं तर मान हलवून नको म्हणायच्या.

काल्याच्या दिवशी कीर्तन दहाला उभं राहिलं. दत्तप्रसादबुवांचं कीर्तन, त्यातून काल्याचं. पेठ सगळी मंडपात होती. धोंडुबाईही मागं भिंतीला लागून बसल्या होत्या. बुवा गोकुळात शिरले, पेंद्यानं शिदोरी सोडली, आणि घड्याळात साडेअकरा व्हायला आले. धोंडुबाई उठल्या. कीर्तनातून मधेच उठायची त्यांची आयुष्यातली ही पहिली वेळ. वाकून, दारातूनच नमस्कार करून त्या गेल्या.

गच्चीवर कर्ण्यातून शब्द तुटक येत होते. वारा फिरला की बुवा दूर जायचे. पिशवीतलं शेवटचं छाटण होतं. धोंडुबाई ओठांनी गजर धरून घास फेकत होत्या. थोटी पत्र्यावरून आपली आपण उडून कठड्यावर आली. खाली टाळ्या, मृदंग टिपेला पोचला, दहीहंडी फुटल्याचा गलका झाला. त्यांनी क्षणभर हात थांबवला, तिकडं तोंड केलं आणि पुन्हा पाटीत हात घातला.

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. लीलाताई वर आल्या. हातात द्रोण, त्यात काला. लाह्या, दही, लोणच्याची फोड. डोक्यावरून एक घार सुसाट गेली तशा त्या दचकून खाली बसल्याच.

"काय न्हाय करत ती," धोंडुबाई म्हणाल्या. "बाई, तुमी कशाला आलासा हितं, असल्या जाग्यात?"

"काला आहे. संपायच्या आत आणला."

धोंडुबाईंनी आपले हात बघितले. कोपरापर्यंत चरबी आणि रक्त. "ठेवा कठड्यावर. हात धुवून घेते मागनं."

"इथं ठेवला तर तुमच्या पाटलिणी ठेवतील होय?" लीलाताई कठड्याला धरून उठल्या. काल्यात बोटं घातली, लाह्या दह्यात कालवून घास केला आणि धोंडुबाईंच्या तोंडापाशी धरला.

धोंडुबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग बाईंच्या पांढऱ्या लुगड्याला लागू नयेत म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरले, आणि तोंड उघडलं.