उघडा फासा

आमच्या काचेच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी सोंगांचा खेळ बसतो: प्रत्येकाने कागदावर एक पात्र मांडायचं, त्याच्या तोंडून बोलायचं आणि फासे टाकून लढायचं. टेबल म्हणजे उरलेली जाड काच, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, त्यावर चिकटपट्टी. धाकटा दीर खेळ चालवतो. राक्षस, राजे, भुतं सगळी त्याच्या तोंडून बोलतात आणि त्यांचा वीस बाजूंचा फासा तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो; आकडा मोठा पडला की फटका लागतो, लहान पडला की हुकतो. शेजारच्या शाळेतल्या मास्तरीणबाई जादूगारीण होतात. औषधांच्या दुकानातले काका देवाचा धावा करून जखमा भरतात. आणि मी दांडगा.

दांडगा हा साधा तलवारवाला. माझ्या नवऱ्याने त्याला जन्म दिला आणि वर्षानुवर्षं खेळवला. नवरा गेल्यावर दांडग्याचा कागद मी घेतला. जादू का घेत नाहीस, असं कुणी विचारलं की नवरा म्हणायचा, "मंत्रांची एवढी पानं पाठ झाली असती तर बारावीला गटांगळ्या खाल्ल्या असत्या का?" मी दांडग्याच्या तोंडून त्याच्यासारखं काहीतरी वाकडं बोलते, सगळे हसतात, आणि तेवढ्यापुरता तो खोलीत असतो. दांडगा मेला तर हेही संपणार, हे मला ठाऊक होतं.

खेळ जसजसा वर चढतो तसतसा तलवारवाला मागे पडतो. सुरुवातीला जादूगारीण एक ठिणगी पाडून दमायची आणि दांडग्याच्या पाठीमागे लपायची. आता ती आभाळातून आग पाडते, भिंतीतून आरपार जाते. दांडगा आपला अजून तलवारच चालवतो. तरी बाई भाजल्या, काका मरता मरता वाचले, दांडगा मात्र ठणठणीत. मला वाटायचं, नशीबवान आहे बापडा.

त्या रविवारी गिऱ्हाइकाचा एक मोठा आरसा न्यायचा राहिला होता. तो दिराच्या पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवला होता. खेळात डोंगराएवढा राक्षस गदा घेऊन दांडग्यावर धावून आला. दिराने आडोशामागे फासा टाकला आणि म्हणाला, "चार. हुकला!"

मला आरशात फासा दिसत होता. काचेवर मागच्या बाजूने दुकानांची नावं रंगवते मी, उलटं वाचायला मला वेळ लागत नाही. अठरा पडले होते.

पुढचा फटका बाईंवर होता. पंधरा पडले, त्याने पंधराच सांगितले. मग पुन्हा दांडग्यावर. सतरा पडले.

"सहा," दीर म्हणाला. "वाचला लेकाचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सतरा होते. आरसा आहे तुझ्या मागे."

त्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, तोल सांभाळायला करतो हो. या पातळीवर नियमाने गेलं तर तलवारवाला टिकतच नाही. हवं तर त्याला जादूची तलवार देऊ. उडायचे बूट देऊ."

"कधीपासून करतोयस?"

त्याने फासा मुठीत घेतला. बाई टेबलाकडे बघत बसल्या, म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"म्हणजे जादूवाल्यांना नियम आणि माझ्या माणसाला दया," मी म्हणाले. "लिंबूटिंबू करून टाकलंत त्याला."

"तुम्हाला पुन्हा त्रास नको म्हणून..."

"दवाखान्यातही त्रास नको म्हणूनच म्हणालास ना, 'आकडे सुधारतायत वहिनी, घरी जाऊन अंघोळ करून या'?"

त्या दिवशी मी खरंच घरी गेले होते, निवांत केस धुतले होते. परत आले तेव्हा दवाखान्यातली माणसं नवऱ्याच्या रिकाम्या पलंगावरची चादर बदलत होती. डॉक्टरांनी दिराला सगळं सांगितलं होतं, त्याची जीभ रेटली नाही. मीही त्याला कधी जाब विचारला नव्हता. राग मात्र होता, भरपूर होता.

"आडोसा काढ," मी म्हणाले. "आणि ते दोन्ही फटके लागले असं धर."

त्याने पुठ्ठा खाली ठेवला. काकांनी वजाबाकी केली. दांडग्यात फारशी धुगधुगी उरली नव्हती, आणि काकांचा धावाही संपलेला होता.

"माझा मंत्र पुरा व्हायला एक डाव लागेल," बाई हळूच म्हणाल्या. "तेवढ्यात राक्षसाने मला गाठलं तर आपण तिघंही गेलो. दांडगा मध्ये उभा राहील का?"

एरवी दांडगा पुढे असायचाच. त्याला काही होत नसे, म्हणून कुणी विचारतही नसे. आज विचारावं लागलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

"वहिनी," दीर म्हणाला, "मागचं दार उघडं आहे, त्याला पळता येईल. उभा राहिला तर... खरं सांगतो, बहुतेक मरेल."

एवढंच तर ऐकायचं होतं मला त्याच्याकडून, दवाखान्याच्या त्या बाकावर.

"उभा राहील. टाक."

फासा काचेवर खडखडत गेला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थांबला. एकोणीस. दांडगा पडला. बाईंनी मंत्र पुरा केला, राक्षसाचा दगड झाला, पण आनंद कुणालाच झाला नाही.

पडणाऱ्याला शेवटचं बोलू द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. "दांडगा काय म्हणतो?" दिराने विचारलं.

"काही म्हणत नाही. त्याच्याजवळ कोण आहे?"

"बाई आहेत. काका आहेत."

"आणि मी?"

"तुम्हीच तर दांडगा आहात, वहिनी."

मी त्याचा कागद टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतला. "मी माझं विचारतेय. मी आहे का तिथे?"

दिराचे डोळे भरून आले.

"आहात," तो म्हणाला. "त्याचा हात धरलाय तुम्ही. शेवटपर्यंत होतात."