बाकीची पन्नास मिनिटं

रेडिओवरचा आवाज थांबला तसं कप्तान उरियास मार्टिनोने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, पट्टी नकाशावर सरळ धरली आणि सहावा ठिपका दिला.

"बारा पॉइंट शून्य उत्तर. छप्पन्न पॉइंट नऊ पश्चिम." तो दोन पावलं मागे सरकला आणि हसला. "मारली! मारली लेकाने उडी!"

इस्मेच्या दुकानात कोंबून बसलेल्या वीस-पंचवीस माणसांच्या जिवात जीव आला. आधीचे पाच ठिपके अकराव्या अंशाच्या रेषेला बिलगून पूर्वेकडून पश्चिमेला सरकत आले होते. सहावा एकदम वर, बाराव्या रेषेवर जाऊन बसला होता. वादळ असंच येतं हे कॅरियाकू बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते बेडकासारखं बसतं, बसल्या बसल्या पुढे सरकतं आणि मग उडी मारतं. एकदा उडी मारली की पुढे दिवसभर ते वर सरकत नाही.

"म्हणजे आता बाराच्या रेषेवरूनच जाणार," कप्तानाने नकाशावर आडवं बोट ओढलं. "इथून असं, खालच्या ग्रेनाडा बेटावर. उद्या दुपारी चारच्या सुमाराला. आपण त्याच्या वर राहिलो. आपल्याला फक्त शेपटीचा फटका."

"वारा वाढलाय म्हणाला पण," मागून कोणीतरी म्हणालं. "काल ताशी पंचाहत्तर मैल होता, आज एकशे दहा."

"वाढू दे. ज्याच्या डोक्यावरून जाईल तो बघेल." कप्तानाने पेन्सिल कानावर अडकवली. "आज दुपारी सगळ्यांनी लॉबस्टरचे सापळे उचलून घ्या. उद्या पहाटे होड्या टायरेल बेच्या खारफुटीत. टोकाला वळसा घालून खाडीत पोचायला तीन तास धरा. नऊ वाजेपर्यंत सगळ्या अकरा होड्या झाडांना बांधलेल्या असतील."

कोणी काही विचारलं नाही. रेडिओ सगळ्या बेटांना एकच इशारा देतो, गावाला सांगतो तो कप्तान. गेली वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मागच्या बाकावर थिओडोरा बाई बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी दुकानातल्या निम्म्या माणसांचे हात त्यांना पाहिल्यावर आपोआप खिशातून बाहेर यायचे. एरवी, या वीसही वर्षांत, नकाशा गल्ल्याच्या फळीवर पसरलेला असे आणि बाई त्याच्यावर वाकून आकडे वाचत. आज फळीवर कंदील, मेणबत्त्या आणि बिस्किटांचे डबे मांडले होते, म्हणून इस्मेने नकाशा भिंतीला ठोकला होता. बाईंचा चष्मा जवळचा. तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. लांबून त्यांना आकडे दिसत नव्हते. दिसत होते फक्त चौकोन आणि सहा ठिपके.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मान तिरकी केली.

"इस्मे," त्या हळूच म्हणाल्या, "ते सगळे कोपऱ्यातच का गं बसलेत?"

"कोण, बाई?"

"ठिपके. एवढे मोठे चौकोन, आणि प्रत्येक ठिपका आपापल्या चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. मधे कसा एकही नाही?"

इस्मेने बघितलं. "कोपरा आवडत असेल त्याला," ती म्हणाली आणि मेणबत्त्या मोजून द्यायला वळली.

बाई उठल्या. माणसांनी वाट दिली. नकाशाजवळ जाऊन त्यांनी चष्मा चढवला, सहाही ठिपक्यांवरून एकेक करून नखाचं टोक फिरवलं, आणि वर्गात प्रश्न विचारण्याआधी थांबायच्या तशा थांबल्या.

"उरियास, मला एक सांग."

"बाई, आत्ता?" कप्तान टोपी घालून निघालाच होता.

"बाईंना घ्या रे होडीत," दारातून गस ओरडला. "समुद्र काय असतो ते कळेल तरी. मागच्या खेपेला धक्का सुटायच्या आत नाश्ता बाहेर आला होता!"

सगळे हसले. बाईही हसल्या. "नाश्ता तुझ्या पायावर पडला होता गस, म्हणून तुझ्या लक्षात आहे," त्या म्हणाल्या आणि परत नकाशाकडे वळल्या. "उरियास, सकाळी रेडिओने काय सांगितलं होतं?"

"अकरा पॉइंट नऊ."

"ते तू कुठे मांडलंस?"

"हे काय. अकरा अंश नऊ मिनिटं." त्याच्या आवाजात किंचित चीड आली. एका अंशाची साठ मिनिटं; समुद्रावरचा माणूस हे चालायच्या आधी शिकतो.

"बरोबर. नवाच्या पुढे काय येतं?"

"दहा."

"मग आज दुपारी रेडिओ अकरा पॉइंट दहा का नाही म्हणाला?"

"कारण वादळाने उडी मारली, बाई."

"असेल. पण काल? परवा? मागच्या वर्षीच्या वादळाला? तू वीस वर्षं ऐकतोयस. कधी पॉइंट दहा ऐकलंस? पॉइंट अकरा? पॉइंट पंचेचाळीस?"

कप्तान पुन्हा नकाशाजवळ आला.

"मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतेय," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कुतूहल होतं; नखाचं टोक अजून त्या मोकळ्या चौकोनात फिरत होतं. "अंशाची मिनिटं साठ. रेडिओ शून्यापासून नवापर्यंत दहाच वापरतो. बाकीची पन्नास मिनिटं जातात कुठे?"

कप्तानाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला, शेवटच्या पेरावर आला, परत मागे गेला. मग त्याने टोपी काढली.

"अकरा पॉइंट नवाच्या पुढे... एकदम बारा," तो म्हणाला. "म्हणजे ते अंशाचे साठ भाग करत नाहीत. दहाच करतात."

"दहाच."

"म्हणजे त्यांचं एक, ते माझी..."

बाईंनी सांगितलं नाही. त्या वाट बघत राहिल्या.

"सहा मिनिटं," कप्तान म्हणाला.

त्याने कानावरची पेन्सिल काढली. अकरा पॉइंट तीन, म्हणजे अठरा मिनिटं. अकरा पॉइंट चार, चोवीस. एकेक ठिपका कोपऱ्यातून निघून नव्या जागी गेला. सहावा, छप्पन्न पॉइंट नऊ, नऊ नव्हे तर चोपन्न मिनिटं, जवळजवळ पंचेचाळीस सागरी मैलांनी गावाच्या जवळ सरकला. आता त्या ठिपक्यांत कुठेच उडी नव्हती. सुताराची दोरी तिरकी ताणावी तसे ते दर सहा तासांनी थोडे पुढे, थोडे वर चढत आले होते. कप्तानाने त्यांच्यावर पट्टी ठेवली. पट्टीची कड ग्रेनाडावरून गेली नाही. ती वर येत गेली आणि कॅरियाकूवर येऊन थांबली.

त्याने कंपासने अंतर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

"उद्या दुपारी बारा," तो म्हणाला. "इथे. आणि वारा पहाटेपासूनच."

पहाटेला अकरा होड्या कुठे असणार होत्या हे कोणाला सांगायची गरज नव्हती. टोकाच्या खडकांपाशी, वाऱ्याला आडव्या, प्रत्येकीत तीन-तीन माणसं.

"सापळे राहू देत," कप्तान मोठ्याने म्हणाला. "आत्ता निघायचं. उजेड आहे तोवर आत शिरायचं."

"सापळे सोडायचे?" गस म्हणाला. "महिनाभर विणलेत कप्तान! आत्ता तर तुम्ही म्हणालात की आपल्याला नुसती शेपटी."

"चुकीचं सांगितलं."

"मग नकाशा?"

"नकाशाला काय धाड भरलीय? ठिपके माझे चुकले."

"आजचे?"

कप्तानाने गसकडे बघितलं, मग दुकानातल्या सगळ्यांकडे. "पहिल्या दिवसापासूनचे," तो म्हणाला. "वीस वर्षांत एकही वादळ धड आपल्यावर आलं नाही म्हणून निभावलं. आता चला, नाहीतर एकविसावं वर्ष आहे समोर."

माणसं धडाधड बाहेर पडली. किनाऱ्याकडून हाका आणि वल्ह्यांचे आवाज येऊ लागले. कप्तान मात्र दारात घुटमळला.

"बाई, हे दहाचं तुम्ही वर्गात शिकवायचात?"

"दशांश. हो, पाचवीला. जानेवारीत."

"मी नाताळात मामाच्या गलबतावर गेलो."

"माहीत आहे. तुझी पाटी शाळेतच राहिली होती."

त्याने मान हलवली, टोपी घातली आणि तो वाळूत उतरला. थोड्या वेळाने पहिलं शीड वर चढलं. इस्मे खिडकीशी उभी राहून नावं घेत गेली, एकामागून एक, अकरावं शीड टोकाला वळेपर्यंत. मग तिने बाईंसाठी कोकोचा चहा ओतला आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबलं.

"काय तरी बाई! मी आपली चौथीत चित्र काढलं होतं, वादळाचा बेडूक. तुम्ही ते भिंतीवर लावलं होतंत. आणि इकडे आमच्या कप्तानाला साधे दशांशसुद्धा येत नव्हते!"

बाईंनी पेला दोन्ही हातांत धरला, पण त्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होत्या, ज्याच्यावर त्या इतकी वर्षं वाकल्या होत्या.

"त्याला येत नव्हते, इस्मे," त्या म्हणाल्या. "मला येत होते."