मास्तरांची डावी बाजू

शिंपीमास्तरांनी आरशासमोर बसून अर्धीच दाढी केली, वस्तरा खाली ठेवला आणि विचारलं, "कसा दिसतोय?"

"अर्धा नवरदेव!" त्यांची बायको म्हणाली आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं. तिला डोळे पुसायचे होते.

मेंदूच्या उजव्या भागातल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली, एवढंच झालं होतं. 'एवढंच' हा डॉक्टरांचा शब्द. मास्तर दवाखान्यातून घरी आले ते डावीकडचं जग तिथेच विसरून. डोळे धडधाकट होते, पण मेंदू डाव्या बाजूचं काही खिजगणतीतच धरत नव्हता. ताटातलं उजवीकडचं जेवण संपलं की म्हणत, "आज हात आखडता घेतलास वाटतं?" दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटला की चौकटीचा उद्धार करत. डाव्या हातात जोर नव्हता, आणि तो हात आपलाच आहे हेही त्यांना सांगावं लागे.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मास्तर कापायचे, बायको शिवायची. तिचं मशीन त्यांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला, संसार मांडला तेव्हापासून. तिला जवळचं नीट दिसत नसे, म्हणून सुईत दोरा ओवायचं काम मास्तरांकडे. आता तिने पदर खोचला आणि सगळं उचलून उजवीकडे नेलं. कात्री, टेप, खडू, पाण्याचा तांब्या, शेवटी शेजाऱ्यांना हाताशी धरून मशीनसुद्धा. जेवताना ती ताट हळूच फिरवून ठेवी, त्यांच्या नकळत. मास्तर खूश झाले. "बघ, झालो की नाही ठणठणीत?" म्हणू लागले.

मग व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, तुम्ही तर काकांची डावी बाजू पार गुंडाळूनच ठेवलीत!"

"मग काय करू? त्यांना तिकडचं दिसत नाही ना."

"दिसतं. मेंदू तिकडे बघायचं विसरलाय. आणि तिकडे बघायचं कारणच उरलं नाही, तर तो कशाला बघेल? उद्या रस्त्यात डावीकडून गाडी आली तर ती उचलून उजवीकडे कोण ठेवणार?" मग तिचा आवाज मऊ झाला. "मशीन परत होतं तिथे न्या. तुम्हीही तिकडेच बसा. हाका मारा, त्यांच्या डाव्या हाताला हात लावा. पण त्यांनी मान वळवल्याशिवाय उजवीकडे यायचं नाही."

सांगायला काय जातं! मशीन डावीकडे आलं, बायको डावीकडे बसली, आणि मास्तरांच्या लेखी ती घरातूनच गेली. "अहो," अशी हाक मारली की ते उजवीकडे शोधायचे, दाराकडे बघायचे, अगदी छताकडेही. हाताला हात लावला तर म्हणायचे, "कोण आहे रे?" एके दिवशी तर त्यांनी त्या मुलीलाच विचारलं, "ही कुठे दिसली का हो तुम्हाला? सकाळपासून पत्ता नाही. रुसलीय बहुतेक."

ही त्यांच्या हाताच्या अंतरावर बसली होती.

"इथेच आहे मी," ती कशीबशी म्हणाली. मास्तर आवाज ऐकून उजवीकडच्या रिकाम्या दाराकडे बघून हसले.

मुलगी गेल्यावर तिला रडू आलं. राग आला होता तिला, खराखुरा. आजारी माणसावर कसला राग धरायचा, हे कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. पण इतकी वर्षं ज्याच्या पाठीशी उभं राहिलो, त्याने आपल्याला रिकाम्या जागेसारखं ओलांडून जावं? खुर्ची उचलून पलीकडे गेलं की झालं. लगेच तोंडभर हसतील, "आलीस?" म्हणतील. ती उठलीसुद्धा. मग तिला ती रस्त्यातली गाडी आठवली आणि ती खाली बसली.

हात रिकामे राहिले तर डोकं खाणार, म्हणून तिने मशीनवरची चादर काढली. मास्तर घरी आल्यापासून, त्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून, तिने मशीन चालवलंच नव्हतं. कुणाच्या तरी उशीचे अभ्रे पडून होते. तिने ते पुढ्यात घेतले आणि पाय मारायला सुरुवात केली. मशीन खडखडू लागलं. मास्तर आपले खडूने कापडावर रेघा ओढत होते, कापडाच्या उजव्या अर्ध्यावरच.

एका लांब शिवणीच्या मध्येच दोरा तुटला. मशीन थांबलं. ती चष्मा पुसून सुईचं भोक चाचपडू लागली.

"तुटला का?" मास्तर म्हणाले.

तिचे हात जागच्या जागी थांबले. मास्तरांनी खडू ठेवला. त्यांची मान वळू लागली, जड कपाट सरकवावं तशी, थोडी थोडी, अडत अडत. उजवा हात टेबलावरून पलीकडे आला. त्यांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं. एकदा नेम चुकला. दुसऱ्यांदा दोरा आरपार गेला.

मग त्यांची नजर सुईवरून तिच्या बोटांवर आली, बोटांवरून मनगटावर, आणि चढत चढत चेहऱ्यापर्यंत पोचली. ते बघतच राहिले.

"अगं, तू इथे कधी येऊन बसलीस?"

"लग्न झाल्यापासून इथेच आहे," ती म्हणाली. डोळे भरून वाहत होते, पण या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.