एमरीच्या थडग्यावरचे शिरस्त्राण

मित्रांनो, पाद्रीबाबांचे प्रवचन अजून बराच वेळ चालेल. तोवर जरा मान वर करा. थडग्याच्या वर खिळ्याला टांगलेले गंजके शिरस्त्राण दिसते ना? ते मी. इथे लटकून लटकून फार थकले आहे.

मला घडवले वेन्फर्डचे सरदार जाइल्स यांच्यासाठी. त्यांचे डोके भोपळ्याएवढे आणि आवाज त्याहून मोठा. त्या डोक्यावर मी कसे घट्ट बसत असे! भाल्यांच्या खेळात समोरून घोडा फेकत येणाऱ्या स्वारांचे भाले माझ्यावर आपटून मोडत, लोक टाळ्या वाजवत आणि मला उगीच वाटे, हे कौतुक माझेच. मग सरदार फ्रान्सच्या लढाईवर गेले आणि छावणीतच तापाने वारले. मी एकटेच सामानाच्या गाडीतून परत आले.

त्यांचा मुलगा एमरी लहानपणीच सरदार झाला. लोक त्याला 'बाळ सरदार' म्हणत. तोंडावर लाडाने, पाठीमागे हसून. सतराव्या वर्षी त्याने हट्टच धरला, की भाल्यांच्या खेळात वडिलांचेच शिरस्त्राण घालून उतरणार. पण त्याचे डोके माझ्यात विहिरीतल्या बादलीसारखे हिंदकळे. शेवटी त्याच्या आईने, लेडी इझोल्टने, स्वतः लोकर पिंजून माझ्यात ठासून भरली.

"आईसाहेब, टोचतंय."

"टोचू दे. हे डोक्यावर फिरलं ना, तर डोळ्यांपुढच्या फटीतून काही दिसायचं नाही तुला. डोकं वाढेल तशी काढू हळूहळू."

आमच्याकडे खेळाच्या आदल्या दिवशी सगळ्यांची शिरस्त्राणे मठाच्या ओवरीत मांडून ठेवायची रीत होती. मंडळी बघत फिरत, नावाजत. एमरीच्या चुलतभावाने, फुल्कने, मला सहज उचलून उलटे केले आणि लोकरीचा गोळा फरशीवर पडला.

"अरेच्चा! बाळ सरदारांचं डोकंच निखळलं की!" फुल्क ओरडला. "आत बघा रे, मेंढी पण असेल!"

ओवरीत हशा पिकला. एमरीही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले होते. मला त्याची फार दया आली.

सकाळी आईने लोकर पुन्हा भरली. तंबूत एकटा होताच एमरीने ती उपसून गवतात खुपसली.

"नीट बसलं ना रे?" आईने बाहेरून विचारले.

"अगदी घट्ट, आईसाहेब!"

तो मैदानात उतरला तेव्हा लोक "वेन्फर्ड! वेन्फर्ड!" म्हणून गर्जत होते. 'बाळ' कोणीच म्हणत नव्हते. समोरच्या स्वाराचा भाला मला नुसता चाटून गेला. जाइल्स असते तर हसले असते. मी मात्र एमरीच्या डोक्यावर गर्रकन फिरले आणि फट त्याच्या कानामागे गेली. घोडा भरधाव होता. "दिसत नाहीये," एवढेच तो म्हणाला, तेही मलाच ऐकू आले. मग घोडा कुंपणावर आदळला आणि एमरी मानेवर पडला. तो पुन्हा उठला नाही.

सरदाराचे शिरस्त्राण त्याच्या थडग्यावर टांगतात. मला टांगायला माणूस शिडीवर चढू लागला तेव्हा लेडी इझोल्टने त्याला थांबवले. गवतातून वेचून आणलेली लोकर तिने माझ्यात पुन्हा भरली, बोटांनी नीट दाबून बसवली.

"आता तरी काढू नकोस रे," ती म्हणाली.

मित्रांनो, मोठ्यांच्या मापाचे होण्याची घाई करू नका आणि कोणाच्या आईने भरलेल्या लोकरीला हसू नका. माझा गंज काढायचे कधी तुमच्या मनात आले, तर खुशाल काढा. आतली लोकर तेवढी राहू द्या.