मांडावरची तार

गुरुदास मास्तरांनी फणसाच्या बुंध्याशी कंबरभर खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ थराथरांनी भरलं आणि वर कळशीने पाणी ओतलं. वीजशास्त्रात याला अर्थिंग म्हणतात. मुळगावच्या वरच्या वाड्यात याला करणी म्हणतात. मास्तर डिचोलीच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत असल्यामुळे त्यांना हा दुसरा अर्थ सुचला नाही.

फणसापासून समोरच्या माडापर्यंत तार ताणली गेली, तेव्हा करणीच्या संशयाला दुसऱ्या, अधिक सुशिक्षित संशयाची जोड मिळाली. तो सत्याऐंशीचा जानेवारी होता. पणजीत राजभाषेचं विधेयक यायचं होतं, कोंकणी की मराठी हा वाद पेटला होता, आणि गोव्यात कोणी शिंकलं तरी तो कोणत्या भाषेचा म्हणून शिंकला याची चौकशी होत होती. मग हवेतून बोलणारी तार निर्हेतुक कशी असेल?

हेतू होता, आणि तो अंथरुणाला खिळला होता. मास्तरांची आई सुशीला उभा जन्म मांडाची म्होरकी. पौषात वाड्यातल्या बायका मांडावर, म्हणजे वाड्याच्या राखीव पवित्र अंगणात, दोन ओळी करून, एकमेकींच्या कमरेला हात घालून धालोची गाणी गात नाचत. पुरुषाने तिथे पाऊल टाकायचं नाही. मांडीचं हाड मोडल्यापासून सुशीलेचं जाणं थांबलं. पूर्वी गाणं निदान घरापर्यंत पोचे. आता मध्ये खाणीच्या मातीचा ढीग उभा होता. ढिगाला कोणतीच भाषा येत नसल्यामुळे त्याच्यावर मात्र कोणाचा संशय नव्हता.

मास्तर टेप करून आणायला तयार होते. आई म्हणाली, "शिळें गाणें कित्याक? तीं गातात तेन्नाच म्हाका आयकूंक जाय." गाणं बायका गात असतील त्याच घटकेला तिला हवं होतं.

डॉक्टरांनी पुढच्या पौषाचं नाव काढलं नव्हतं. प्रक्षेपणाच्या परवान्यासाठी सरकार जेवढा काळ घेतं, तेवढा आईपाशी नव्हता. म्हणून हा घरगुती प्रक्षेपक आणि ही तार: मांडापासून आईच्या उशाजवळच्या ट्रान्झिस्टरपर्यंत. त्यापलीकडे जायची तिची ताकद नव्हती.

वाड्यातल्या मराठीवाद्यांचे पुढारी रघुनाथ आधी आले.

"मास्तर, खरं सांगा. तार कोंकणीवाल्यांची ना?"

"आईची आहे."

"आईचं नाव पुढे करून काय काय चालतं, ते आम्ही रोज पेपरात वाचतो हां!"

ते गेले आणि कोंकणीचे कार्यकर्ते सखाराम आले. त्यांनी फणसाला एक फेरी मारली.

"सर, तार बरी लांब ताणल्या. सावंतवाडीक पावता?"

"ढिगापलीकडे पोचली तरी पुष्कळ झालं."

"बरें. मागीर मीठ कित्याक पुरलां? मराठी खारवून ठेवूंक?"

हे दोघेही आपापल्या आईशी एकाच बोलीत बोलत. पण तसले मुद्दे सभेत घ्यायचे नसतात. मास्तर खोटं बोलतात, यावर मात्र त्यांचं एकमत झालं, आणि प्रकरण देवळात गेलं. गुरवाने गाऱ्हाणं घालून मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर तार राहील, डावी पडली तर उतरेल. उजवी पडली. देवाचा कौल सर्वांनी हात जोडून स्वीकारला आणि संशय जसाच्या तसा घरी नेला. देवाने तार ठेवायला सांगितलं होतं. मास्तरांवर विश्वास ठेवायला सांगितलं नव्हतं.

त्या वाड्यात शेवटचा धालो दिवसाउजेडी होई. मास्तरांची बायको विनिता माइक घेऊन मांडावर गेली. मास्तर आईच्या उशाशी बसले आणि त्यांनी ट्रान्झिस्टरची चकती सावकाश फिरवली. खरखर आली; मग पावलं, काकणं, कोणाचा तरी खोकला. पुन्हा पावलं. गाणं नाही.

मास्तरांना कारण ठाऊक होतं. धालोच्या एकेका ओळीत दोन्हीकडचे शब्द एकमेकांना खेटून बसलेले. हवेत गेले की ते कोणाच्या बाजूने धरले जातील, हा धाक घरोघरच्या पुरुषांनी बायकांना घातला होता. विनिताने सकाळीच ते सांगितलं होतं. एकदा नाचायला उभ्या राहिल्या की गातील, असं मास्तर म्हणाले होते.

"यंत्र बिघडलेलं दिसतंय," ते आता म्हणाले.

"तुजें यंत्र बरें आसा. देवकीचो उजवो पांय जड पडटा, तो-य आयकूंक येता. भियेल्यात तीं. वच, तार काड."

"मग तुला काहीच ऐकू येणार नाही."

"म्हाका आयकूंक येवचें म्हूण मांड मुको ठेवूं? वच रे!"

मास्तर ढिगाला वळसा घालून धावत गेले. मांडाच्या कडेशी थांबून त्यांनी विनिताला खूण केली. तिने माइक उचलून बाहेर आणला. मांडाबाहेरच्या फणसावरची गाठ त्यांनी स्वतः सोडली; तार माडावरून घसरत लाल धुळीत येऊन पडली. बायका हलल्या नाहीत. आता म्होरकीपण देवकीकडे होतं. ती ओळीतूनच म्हणाली, "सगळी काडली मास्तर? मागीर खंय लिपोवन ना मू?"

"लपवलेली नाही, देवकीबाय. सगळी काढली."

"आनी तो डबो?"

त्यांनी प्रक्षेपकाचा डबा उघडून तिच्याकडे धरला आणि बॅटरीची वायर उपसून दाखवली. आयुष्यात त्यांचं प्रात्यक्षिक इतक्या बारकाईने कोणत्याही वर्गाने पाहिलं नव्हतं.

मग ओळी झुलल्या आणि गाणं उठलं.

मास्तरांनी उभ्या जन्मात ते इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. पुरुषाला ते पाठ असण्याचं कारणही नव्हतं. कोणतं गायलं, हे आई पहिल्यांदा विचारणार. त्यांनी पहिली ओळ कानात धरली, पुटपुटून घेतली आणि ते परत निघाले, शब्द सांडू नये अशा बेताने, ओठ हलवत. ढिगाच्या वळणावर मागचं गाणं तुटलं. तिथून घरापर्यंत ती ओळ त्यांनाच न्यायची होती.