वर फिरत होतं

मे महिना आमच्याकडे, ओक्लाहोमात, माणसाला पिळून काढतो. दुपार कलली की पश्चिमेला ढग उभे राहतात आणि आम्ही हवामान कार्यालयातली माणसं रडारच्या पडद्यापुढे बसतो. पाठ गेली, डोळे गेले, घरी काय शिजतं ते फोनवर कळतं. त्या दिवशी शेजारी गॅरेट होता. वयानं माझ्याएवढाच, पण कंटाळण्यात माझ्याही पुढे.

"लिओटा, हॅडलीकडे बघ," तो म्हणाला. "लाल-हिरवं चिकटलंय."

पडद्यावर रडारकडे येणारा वारा हिरवा आणि दूर जाणारा लाल. दोन्ही एकमेकांना खेटून बसले की समजायचं, ढगाच्या पोटात वारा गरगर फिरतोय.

हॅडलीचं नाव ऐकलं आणि मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. तिथे माझा धाकटा भाऊ डेलमर राहतो, चाकांवर आणून ठेवतात तसल्या पत्र्याच्या घरात. त्याची बायको फर्न फुप्फुसाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली, नाकात ऑक्सिजनची नळी. तसलं घर टॉर्नेडोपुढे काय टिकणार? म्हणून आमचा इशारा आला की डेलमर तिला उचलून शेजारच्या योडरच्या वादळघरात, जमिनीखाली नेतो. या मोसमात हॅडलीसाठी दिलेले सगळे इशारे वाया गेले होते. मागच्या खेपेला पावसात भिजून फर्नला न्यूमोनिया झाला आणि ती कशीबशी हॉस्पिटलातून परत आली. पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणजे इशारा दिला तर ती जायची, आणि नाही दिला तर कदाचित अख्खं गाव.

"घडी असेल रे," मी म्हणाले.

रडारला वाऱ्याचा वेग एका मर्यादेपर्यंतच कळतो. वारा त्यापलीकडे गेला की तो उलटाच दाखवतो, लालच्या जागी हिरवा. याला आम्ही घडी पडणं म्हणतो. यंत्र ती घडी आपली आपण उलगडतं, पण कधी चुकीची उलगडतं आणि नसलेलं वादळ रंगवून ठेवतं. एप्रिलमधला इशारा असाच फुकट गेला होता. देवा, आजही घडीच असू दे, असं मी चक्क मनात म्हणत होते. आणि पगार घेते वादळं शोधायचा!

"मलाही घडीच वाटतेय. सोड," गॅरेट म्हणाला.

मला सोडवेना. वरचा थर उघडला, तिथेही तेच. त्याच्या वरचा, तिथेही तेच. रडारची पुढची फेरी आली तर दोन रंग आणखी घट्ट झालेले. घडी अशी थरामागून थर एकाच जागी बसत नाही.

"खाली काय आहे?" मी विचारलं.

"ते कोण सांगणार? हॅडली केवढी लांब. आपला किरण तिथे पोचेस्तोवर मैलभर वर गेलेला असतो."

मी इशारा लिहिला आणि पाठवला. लगेच माझा मोबाइल वाजला.

"लिओटा, रेडिओ बोंबलतोय. तूच का गं ती?" डेलमर होता.

"मीच."

"खरं आहे की तुझं नेहमीचं?"

"फिरतंय, डेलमर. तिला घेऊन जा."

"अगं, बाहेर लिंबाएवढ्या गारा पडतायत! आणि ही नको म्हणतेय."

"तिचं काय ऐकतोस? चादरीत गुंडाळ, काहीही कर, पण ने!" मी किंचाळलेच. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. फोन बंद झाला.

मग नुसतं बघत बसणं. ढग हॅडलीवरून गेला. गाडी घेऊन वादळामागे फिरणाऱ्या आमच्या निरीक्षकानं कळवलं, ढगाचं शेपूट खाली लोंबलं, फिरलं आणि वरच्या वर विरलं. गॅरेटनं उसासा टाकून इशारा फुकटात जमा केला. जमिनीला लागेल तेच खरं, असा आमचा नियम आहे.

मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी गारांतून नेलेली फर्न डोळ्यांपुढे आली. मी फोन लावत राहिले. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला.

"नेलंस ना तिला?"

"आधी तू सांग. होतं की नव्हतं?"

"होतं रे. वर फिरत होतं. खाली आलं नाही."

"आम्ही खाली राहतो गं, लिओटा."

"तिला नेलंस की नाही, ते सांग," मी म्हणाले.

"नाही नेलं," तो म्हणाला. "रेडिओ बंद केला, तिच्यावर गादी टाकली आणि गादीवर मी पडलो. तर ही हसते! म्हणे, बऱ्याच वर्षांनी एवढा जवळ आलास."

"गाढवा, पत्र्यासकट उडाला असतास!"

"असतो ना. दोघंही." तो अजिबात चिडला नव्हता, त्यानंच मला रडू फुटलं. "ती आता बाहेर जाणार नाही. आमचं ठरलंय. तू इशारे देत जा, लोकांच्या घरात लेकरं आहेत. आम्हाला मात्र सांगू नकोस."

"मग मी काय करू रे?"

"फोन कर की. पण वादळाचं सांगायला नको. ती कशी आहे, हे मघापासून एकदा तरी विचारलंस?"

"कशी आहे?"

"जागी आहे. घे, बोल."

तेवढ्यात गॅरेटनं माझ्या खांद्याला हात लावला आणि पडद्याकडे बोट केलं. मागून दुसरा ढग येत होता, हॅडलीच्याच वाटेवर, आणि त्याच्या पोटात लाल-हिरवं चिकटलेलं होतं. मी फोन मानेत धरला आणि दोन्ही हातांनी इशारा लिहायला घेतला. पलीकडून नळीचा सूं सूं आवाज येत होता आणि फर्न विचारत होती, जेवलीस का गं.