साक्ष द्यायची हाय

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारी फर्मान काढलं. आठ दिवसांत प्रत्येकानं एका तरी शेजाऱ्यापुढं साक्ष द्यायची आणि पुढल्या रविवारी मंडळीत उभं राहून ते सांगायचं. भाषण नको, म्हणाले, बोलता बोलता सहज सांगा, प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं ते. सहज म्हणायला त्यांचं काय जातंय? गंगावेशीत सायकलचं दुकान घालून बघा म्हणावं. बाप ख्रिस्ती झाला त्याला तीस वर्षं झाली, तरी समोरचा हॉटेलवाला मला फुटक्या कपात चहा देतो आणि कप मलाच विसळायला लावतो. त्याला मी येशू सांगायचा?

शुक्रवार उजाडला तरी तोंडातून शब्द फुटला नव्हता. दुपारी जोतीराम सायकल ढकलत आला. म्हशी पाळायचा, किटल्या अडकवून घरोघरी दूध घालायचा. गल्लीत माझ्या बाकड्यावर टेकणारा तो एकटाच, म्हणून साक्षीसाठी मी त्यालाच हेरलं होतं.

''मागलं चाक बसलंय, केरबा. सोमवारी कोर्टात जायाचं हाय.''

गांधींचा खून झाला तेव्हा गावात ब्राह्मणांची घरं पेटवली. त्यात दत्तोपंत मास्तरांचं घर गेलं. ते जाळल्याच्या खटल्यात आरोपी म्हणून जोतीरामचं नाव होतं.

ट्यूब काढून मी पाण्याच्या घमेल्यात दाबली. बुडबुडे बघत, मान वर न करता, एकदाचं बोलून टाकलं.

''जोतीराम, मला साक्ष द्यायची हाय.''

त्याची बिडी ओठातच राहिली. ''कुणापुढं?''

''तुझ्यापुढंच की. लई दिवस मनात हाय. पाळकसाहेब म्हणत्यात, गप बसणं पाप हाय.''

''त्या पाळकालाबी ठावं हाय?''

''त्यांनीच तर सांगितलंय.''

तो उठला. आवाज एकदम खाली आला. ''डबा तू दिलतास, केरबा. तुझ्या हातानं. साक्ष देशील तवा तेबी सांग.''

आणि सायकल तिथंच टाकून चालता झाला.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्या मंडळीत साक्ष म्हणजे प्रभूबद्दल बोलणं. लहानपणापासून दुसरा अर्थ कानावर नाही. साऱ्या गावात साक्ष म्हणजे कोर्ट.

डबा रॉकेलचा. चेन धुवायला मी दुकानात ठेवायचो. त्या दिवशी सकाळी जोतीराम आला, गोठ्यात कंदिलाला पाहिजे म्हणाला, आणि मी दिला. भरलेला डबा कंदिलाला? विचारलं नाही. संध्याकाळी मास्तरांच्या घराचा धूर दिसला. चार दिवसांनी रिकामा डबा परत आला, तो मी मुकाट्यानं कोपऱ्यात सरकवला. मला माहीत नव्हतं असं आजवर म्हणत आलो. खोटं. मला सगळं कळलं होतं.

घरी बायकोला, चिमणाबाईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

''तसली साक्ष न्हवं, असं सांगायचं की त्याला.''

''सांगणार हुतो. मग म्हटलं, तसली का न्हवं?''

''दुकान जाळतील आपलं. ख्रिस्त्याचं एकटंच घर हाय आपलं गल्लीत.'' तव्यावरची भाकरी करपली.

शनिवारी सकाळी पाळकसाहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं.

''केरबा, साक्ष म्हणजे ही नव्हे. आपण मूठभर माणसं. गावाच्या भांडणात मंडळीचं नाव नको.''

''मग उद्या काय सांगू?''

''उद्या तू नुसतं गीत म्हण.''

थुंकावंसं वाटलं. त्यांच्या उंबऱ्यावर थुंकलो नाही, रस्त्यावर येऊन थुंकलो.

दुपारभर पंक्चरं काढली. कुणी दुकानापुढं थांबलं की आधी त्याचा चेहरा बघायचो. चार वाजता जोतीराम आला. एकटाच. बाकड्यावर बसला नाही.

''कोर्टात तुमच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायला लावत्यात म्हणं. वकील म्हणतो, माझ्या बाजूनं ये. डबा दुकानातनं हाललाच न्हाय, एवढं बोल.''

''त्या पुस्तकावर हात ठेवला तर मला खरंच बोलावं लागंल.''

''म्हंजे माझं नाव घेणार.''

''आधी माझं. डबा माझा, दिला मी, आणि इतकं दिवस गप बसलो मी. मग तुझं.''

तो हसला, पण तोंडात हसू नव्हतं. ''लेका, हेच सांगायचं हुतं व्हय काल?''

''न्हाय. काल येशूचं सांगणार हुतो.''

''काय?''

''केलेलं कबूल केलं तर तो माफ करतो. टाकून देत न्हाय.''

''घरं जाळणाऱ्याला?''

''मला न्हाय टाकलं.''

''तू कुठं जाळलंस?''

''रॉकेल कुणाचं हुतं?''

त्यानं कोपऱ्यातल्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाला, ''मास्तर पोरांना शिकवायचा आमच्या. फुकट.'' एवढंच. मी चाक फिरवून बघितलं.

''चाक झालं?''

''झालं.''

''हवा दाबून भर. सोमवारी ह्यावरच जायाचं हाय.'' मग सायकल हातात घेऊन, माझ्याकडं न बघता, ''तू कसा येणार?''

''चालत.''

''कॅरेज हाय की मागं,'' तो म्हणाला आणि निघाला.

त्यानं ते धमकीनं म्हटलं की मायेनं, मला अजून कळलेलं नाही. रॉकेलचा डबा सोमवारी कोर्टात न्यायचा म्हणून मी घरी नेला आणि चुलीपासून लांब, माझ्या खाटेखाली ठेवला.